निळी भिंत सगळ्यांना उदास का वाटते? (आजोळचं स्वयंपाकघर आणि रंगांचे अर्थ)

कसब्यातली | शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, जरा डोकं चालवा. गेली दीड वर्षं दर रविवारी टिळक रोडजवळ एका चित्रकलेच्या क्लासला जातेय, निव्वळ हौस, बाकी आठवडाभर लॅपटॉप आहेच. मागच्या आठवड्यात आमच्या क्लासचं छोटंसं प्रदर्शन होतं, त्यात मी आजोळचं स्वयंपाकघर लावलं होतं. कसब्यातला वाडा, तांबट आळीपासून दोन मिनिटांवर, आता तिथे सहामजली बिल्डिंग उभी आहे. त्या स्वयंपाकघराची भिंत निळी होती, म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या आधी आप्पा (आजोबा) चुन्यात नीळ कालवून स्वतः कुंच्याने मारायचे, आम्ही पोरं मध्ये लुडबुड करायचो आणि अंगावर निळे ठिपके घेऊन फिरायचो. त्या भिंतीसमोर पाटावर बसून मेतकूटभात खाल्लाय, परीक्षेचे निकाल सांगितलेत, मार पण तिथेच खाल्लाय. माझ्या डोक्यात सुख म्हटलं की तो निळा.

अ‍ॅक्रिलिकमध्ये केलंय, दीड बाय दोन फूट. निळी भिंत, चूल, फडताळ, दोन पितळी डबे आणि चुलीपुढे पाठमोरी आजी.

आणि येणारा प्रत्येक माणूस "किती उदास आहे हो" म्हणून पुढे जातोय. एका काकूंनी तर हळूच जवळ येऊन विचारलं, "आजी गेल्या का इतक्यात?" अहो, आजीला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला ते काढायचंच नव्हतं! क्लासचे सर म्हणाले सोपं आहे, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे आनंद, भिंत पिवळी कर. त्यांच्याकडे तसा छापील तक्ताच लावलेला आहे, लाल राग, हिरवा शांती, जांभळा गूढ वगैरे.

पण भिंत पिवळी नव्हती ना! मग काय करायचं? रंगाला असा ठरलेला अर्थ असतो का, आणि निळा निळाच ठेवून चित्र आनंदी करता येतं का?

अडाणी_रसिक | शनिवार, रात्री ११.४८

पहिलं काम तो तक्ता रद्दीत द्या, किलोला जे येईल ते.

निळा म्हणजे उदास हे इंग्रजीतून आलेलं आहे, त्यांच्याकडे उदास माणूस निळा असतो. मराठीत कोणी म्हटलंय का आजवर, "काय झालं गं, आज निळी निळी का दिसतेस?" आपल्याकडे माणूस काळानिळा होतो तो मार खाऊन, आणि निळा पडतो तो साप चावल्यावर किंवा थंडीने. आणि देव निळा असतो, त्याच्याकडे बघून कोणाला रडू येतं? कॅलेंडरवरचा कृष्ण बघून आजवर एकही काकू "किती उदास आहे हो" म्हणाल्या नसतील.

लक्ष्मीरोडकर | रविवार, सकाळी ८.०५

निळा म्हणजे कुठला निळा, हे आधी सांगा ताई. आमचं साड्यांचं दुकान आहे, तिसरी पिढी. गिऱ्हाईक "निळी दाखवा" म्हणालं की आमचा माणूस जागचा हलत नाही, कारण आकाशी, चिंतामणी, मोरपंखी, नेव्ही, वांगीकडे झुकणारा, सगळेच निळे. एका निळसर हिरव्याला तर बायका "आनंदी" रंग म्हणतात, घ्या, तुमच्या सरांच्या तक्त्याचं काय करायचं आता? तसंच लालमध्ये डाळिंबी वेगळा, किरमिजी वेगळा, विटकरी वेगळा, आमसुली वेगळा. तिशीतली मुलगी डाळिंबी घेईल पण विटकरी पुढे टाकला तर "सासूबाईंसाठी नकोय" म्हणेल. दोन्ही लालच की.

आणि अर्थ म्हणाल तर काळ्याचं बघा. लग्नाच्या बस्त्यात काळी साडी चुकून गठ्ठ्यात आली तरी आजीबाई बोटाच्या टोकाने बाजूला सारतात. तीच बाई जानेवारीत सुनेच्या पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा घ्यायला येते, काळीभोर, वर हलव्याचे दागिने, आणि काय कौतुक असतं त्या काळ्याचं! कापड तेच, दुकान तेच, बाईपण तीच, फक्त महिना बदलला.

शाईचा_डाग | रविवार, सकाळी ९.३०

लक्ष्मीरोडकर, "काळीभोर" म्हणालात ना, त्यातच सगळं आलं. मराठीत रंगाच्या मागे जे शेपूट लागतं ना, भावना तिथे असते, रंगात नाही. काळेभोर डोळे म्हटलं की प्रेमात पडायची सोय, काळाकुट्ट म्हटलं की अंधार, काळाठिक्कर म्हटलं की हिणवणं. पांढराशुभ्र सदरा आणि पांढराफटक चेहरा, रंग एकच, पहिल्याला इस्त्री आहे आणि दुसऱ्याचं रक्त उडालंय. लालचुटुक ओठ, लालभडक कुंकू, रागाने लालबुंद. आपण रोज बोलताना एका रंगाच्या तीन तीन भावना करतो आणि चित्रासमोर उभे राहिलो की तक्ता शोधतो.

तर ताई, तुमची भिंत निळीशार होती का निळसर, का निळीकाळी?

कसब्यातली | रविवार, सकाळी ९.५२

बाप रे, असा विचारच नव्हता केला. निळसर म्हणायला हवं बहुतेक. चित्रात मात्र निळीशार झालीये. प्रुशियन ब्लूत पांढरा मिसळला होता, ती ट्यूब घरात होती म्हणून, दुसरं काही कारण नाही.

पेन्सिलटोक | रविवार, दुपारी १.१५

शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आता रिटायर, त्यामुळे थोडं लांबणार, सांभाळून घ्या.

पॅरिसला गोबेलिन्स नावाचा गालिचे आणि पडदे विणायचा जुना कारखाना आहे. तिथे रंगाईचा प्रमुख म्हणून शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. विणकरांची तक्रार अशी की काळा धागा नीट काळा येत नाही, निळ्या आणि जांभळ्याशेजारी विणला की मरगळलेला दिसतो. याने धागा तपासला तर रंग व्यवस्थित. मग लक्षात आलं की दोष धाग्यात नाही, शेजाऱ्यात आहे. एक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. त्याने यावर १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो विषय अक्षरशः चावून खाल्ला.

मी पोरांना हे करून दाखवायचो. करड्या कार्डपेपरचे दोन सारखे चौकोन कापायचे, एक भगव्या कागदावर ठेवायचा, दुसरा निळ्यावर. भगव्यावरचा करडा निळसर थंड दिसतो, निळ्यावरचा उबदार, मातकट दिसतो. पोरं भांडायची, सर तुम्ही वेगळे कागद कापलेत म्हणून! मग चौकोनांची अदलाबदल करून दाखवायचो तेव्हा गप्प बसायची. सातवी ब मधला एक तरीही गप्प बसला नाही, तो आता वकील आहे.

म्हणून तुमच्या सरांचा तक्ता चूक. पण माफ करा, तुमचे प्रेक्षकही खोटं बोलत नाहीयेत. त्यांना उदास दिसलं म्हणजे कागदावर काहीतरी उदास आहेच. आता एक करा, चित्राचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. माझा अंदाज, भिंत, आजी, फडताळ सगळं एकाच करड्यात बुडालेलं दिसेल. रंग काढून टाकला तरी चित्र उदासच राहत असेल तर तो गुन्हा निळ्याचा नाही, उजेडाचा आहे. शिवाय आजी पाठमोरी. पाठमोरं माणूस, मधोमध, एकटं, सगळीकडे सारखा अंधूक रंग... काकूंनी काय समजायचं?

थेट_बोलते | रविवार, दुपारी २.४०

म्हणजे रंगांचं मानसशास्त्र वगैरे सगळं थोतांड? मग हॉटेलवाले लाल-पिवळ्याच पाट्या का लावतात? आणि मी वाचलं होतं की गुलाबी खोलीत कैदी शांत होतात.

पेन्सिलटोक | रविवार, दुपारी ३.०५

त्या गुलाबीची गंमतच आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये एका नौदलाच्या तुरुंगात कोठडी एका ठराविक गुलाबी रंगाने रंगवली आणि खूप गाजावाजा झाला, बघा कैदी शांत झाले म्हणून. नंतर इतरांनी नीट पडताळून बघितलं तेव्हा तसं काही ठामपणे निघालं नाही. सगळंच थोतांड असं मी म्हणणार नाही, भडक रंग लांबून डोळ्यात भरतो हे खरंच, त्यासाठीच पाट्या. पण डोळ्यात भरणं वेगळं आणि अर्थ कळणं वेगळं. लाल दिव्याला गाडी थांबवायची हे आपण शिकलोय (पुण्यात तेही सगळ्यांनी नाही).

तालीम_संपली | रविवार, सायंकाळी ६.१०

नाटकांना लाइट्स करतो, म्हणून नाक खुपसतोय. तक्ताच हवा असेल तर आपला घ्या, जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग दिलाय. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोत म्हणजे पारव्यासारखा करडा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, अद्भुत पिवळा. आणि निळा कोणाला, माहितीये? बीभत्साला! किळस! आता बोला. पांढरा हसण्याला दिलाय, आणि आपल्याकडे अंत्ययात्रेला पांढरे कपडे घालून जातात. लाल रागाचा आणि तोच नवरीच्या कुंकवाचा.

म्हणजे एकाच देशात, एकाच संस्कृतीत दोन तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, मग जगाचा एक तक्ता कुठून आणायचा? माझं मत असं की भरतमुनींनी तो बहुधा नटांना आणि रंगभूषा करणाऱ्यांना दिलेला कामाचा संकेत आहे, प्रेक्षकाने तो आधीपासून शिकलेला असतो. कथकलीत हिरवा चेहरा आला की केरळातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की हा सज्जन नायक. आपण बघितलं तर म्हणू याला कावीळ झालीये की काय.

प्रत्यक्ष स्टेजवर मात्र वेगळंच चालतं. मी निळा लाइट टाकला की रात्र होते, उदासी नाही. उदासी आणायची तर निळा कमी करून एका कोपऱ्यात एकच पिवळा बल्ब सोडायचा. सगळं थंड आणि एकच ऊब, तीही नटापासून लांब. पोटात कालवतं लोकांच्या.

रसायन_काका | रविवार, रात्री ९.२५

उशिरा आलो, नातू झोपला आत्ता.

कसब्यातली ताई, तुमचा खरा घोटाळा प्रुशियन ब्लूमध्ये आहे आणि तो मला रसायनशास्त्राने सिद्ध करता येईल. तुमच्या आप्पांच्या भिंतीवर प्रुशियन ब्लू असणं शक्यच नाही! तो रंग अल्कलीत टिकत नाही, चुन्यात घातलात तर तपकिरी पडतो. चुन्यात टिकतो तो अल्ट्रामरीन, आणि आपली जुनी निळीची पूड म्हणजे तोच. (आता बाटलीत मिळतं ते वेगळं, ते रंगद्रव्याचं पाणी असतं.) अल्ट्रामरीन जरासा जांभळ्याकडे झुकतो म्हणून ऊब असते, प्रुशियन हिरव्याकडे झुकतो म्हणून गार वाटतो. तुम्ही चित्रात वेगळीच भिंत रंगवलीत, लोकांना उदास वाटलं यात नवल ते काय. गंमत म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं माध्यमही अल्कलीच असतं, त्यामुळे तुमच्या ट्यूबवर नीट बघा, प्रुशियन ब्लूपुढे बारीक अक्षरात "ह्यू" लिहिलेलं असेल, म्हणजे दुसरे रंग मिसळून केलेली नक्कल.

आता नीळ म्हणजे काय चीज आहे ते ऐका. खरा अल्ट्रामरीन लाजवर्द नावाच्या दगडातून काढायचे, तो अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतून यायचा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत जो निळा आहे तो हाच, बाकीचे रंग बरेचसे आसपासच्या मातीचे, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि हा एकटा लांबून आलेला पाहुणा. युरोपात तर मेरीमातेच्या वस्त्रासाठी तो राखून ठेवायचे, इतका महाग. म्हणजे तिथल्या जुन्या चित्रात निळा बघितला की लोकांना उदासी नाही, श्रीमंती आणि भक्ती दिसायची. मग फ्रान्समधल्या एका संस्थेने १८२४ मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं, स्वस्तात करून दाखवा म्हणून, आणि गिमे नावाच्या माणसाने ते १८२८ मध्ये जिंकलं. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत भाजायचं. एकेकाळचा मेरीमातेचा रंग काही वर्षांत धोतर पांढरं करायला आला!

आणि पांढरं का होतं तर निळा पिवळ्याचा विरोधक. कपडा पिवळट पडतो, नीळ तो पिवळटपणा मारते. पेन्सिलटोक सर सांगतात तीच विरुद्ध रंगांची जोडी आपल्या आज्या बादलीत रोज वापरत होत्या, फक्त शेजारी न ठेवता मिसळून.

अडाणी_रसिक | रविवार, रात्री ९.४०

काका _/\_ म्हणजे चुन्यात नीळ घालायची ती भिंत निळी करायला नाही, पांढरी करायला?

रसायन_काका | रविवार, रात्री ९.४४

चिमूटभर घातली तर पांढरी करायला. आप्पांचा हात सैल असणार.

कसब्यातली | रविवार, रात्री ९.५१

आप्पांचा हात सगळ्याच बाबतीत सैल होता, चहातली साखर बघायला हवी होती तुम्ही. ट्यूब बघितली, "ह्यू" आहे!! मी थक्क.

साता_समुद्रापार | सोमवार, पहाटे ५.३०

इथे थोडं अवांतर लिहिते. मुलगा ह्यूस्टनला असतो, मागच्या वर्षी सहा महिने राहून आलो. तो आम्हाला रॉथको चॅपल बघायला घेऊन गेला, म्हणजे रॉथको नावाच्या चित्रकाराची चित्रं लावलेलं प्रार्थनागृह. आत गेलो तर चौदा मोठे मोठे कॅनव्हास आणि सगळे काळे. आमचे हे म्हणाले, शाळेतले फळे बघायला एवढं लांब आणलंस का रे? तिकीट नव्हतं म्हणून बसलो. वरून नैसर्गिक उजेड येतो आत. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तो काळा हळूहळू जांभळा दिसायला लागला, मग ढग आला असावा बाहेर, तर परत मिटला. मी देवधर्म फार करणाऱ्यातली नाही पण मला तिथे गाभाऱ्यात बसल्यासारखं झालं. हे बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, आमच्याकडे ही बातमी आहे. रॉथको ते उघडायच्या आधीच, १९७० मध्ये गेला, त्याने स्वतःला संपवलं. ते मला नंतर मुलाने सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मलाही उदासच दिसलं असतं बहुतेक, असं वाटतं.

शाईचा_डाग | सोमवार, सकाळी १०.२०

साता_समुद्रापार, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. पिकासोचंही तसंच होतं. त्याचा मित्र कासाजेमास फेब्रुवारी १९०१ मध्ये गेला, आत्महत्या, आणि मग १९०४ पर्यंत त्याची ती निळी चित्रं. ही गोष्ट माहीत असल्यामुळे आपण निळ्यालाच दुःखी ठरवून टाकलं. पण त्यातलं म्हाताऱ्या गिटारवाल्याचं चित्र बघा (शिकागोला आहे), सगळा माणूस निळा आणि फक्त गिटार तपकिरी. माझी नजर सारखी त्या गिटारवर जाते, की बाबा एवढंच एक गरम आहे याच्याकडे. तालीम_संपली म्हणतायत तोच एकटा बल्ब.

आणि जिथे खरंच हंबरडा फोडायचा होता तिथे पिकासोने १९३७ मध्ये रंगच काढून टाकले, गेर्निका हे बॉम्बहल्ल्यावरचं चित्र सगळं काळं, पांढरं, करडं. तर उलट होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रचंड लाट त्याच प्रुशियन ब्लूत आहे आणि तिच्यात उदासी नावालाही नाही, बघणाऱ्याला नुसता धसका बसतो.

लक्ष्मीरोडकर | सोमवार, दुपारी २.१५ (दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही)

मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांची दिवा घेतलेली बाई बघितली आहे का कोणी? सावळाराम हळदणकर, आपले सावंतवाडीचे. गाइड लोक बिनधास्त रवि वर्माचं म्हणून सांगतात, मी तिथेच भांडलो. जलरंगात आहे ते! हाताच्या आड दिवा धरलाय आणि उजेड बोटांतून आरपार येतो, बोटांच्या कडा अशा लालसर, आपण लहानपणी टॉर्चवर पंजा धरायचो तशा. आणि साडी जांभळी. मी धंद्याच्या नजरेने बघत होतो, म्हटलं ती साडी पिवळी किंवा केशरी असती तर दिवा विझला असता. जांभळी आहे म्हणून पेटलाय.

रसायन_काका | सोमवार, दुपारी ४.००

अगदी बरोबर. अजून एक भर टाकतो आणि थांबतो. रंग उडतात हेही लक्षात घ्या. जुन्या सलूनमध्ये काचेवर हेअरस्टाइलचं पोस्टर असतं ना, उन्हाने सगळे हिरो निळे पडलेले? लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपली झोपायची खोली रंगवली, त्या भिंती आज निळ्या दिसतात पण त्याने त्या जांभळट केल्या होत्या, त्यातला लाल उडून गेला. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत असा त्याचा हिशोब होता, खोली बघून डोक्याला विश्रांती मिळावी म्हणून. आपण आज वेगळ्याच खोलीवर निबंध लिहितो. कोण जाणे, ताईंच्या आठवणीतली भिंतही अशीच थोडी उडालेली असेल.

थेट_बोलते | सोमवार, सायंकाळी ७.३०

काका, शेवटचं वाक्य वाचून मीच निळी पडले.

कसब्यातली | बुधवार, रात्री १०.४५

अपडेट. पेन्सिलटोक सरांनी सांगितल्याप्रमाणे ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं. सगळं एकाच करड्यात, आजीचं लुगडं आणि भिंत यातला फरकच कळेना, फक्त डबे थोडे उठून दिसत होते. मग अप्पा बळवंत चौकात जाऊन अल्ट्रामरीन आणला, आणि बाहेर उरलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर शेजारी शेजारी लावून बघितला. काका, तुमचं म्हणणं पटलं. प्रुशियनचा पट्टा फ्रीज उघडल्यासारखा वाटतो आणि दुसरा, कसं सांगू, दिवाळीच्या आदल्या आठवड्यासारखा.

भिंत पूर्ण नव्याने केली, डावीकडे खिडकीच्या बाजूला फिकी करत नेली. चांगली झाली. पण अजून काहीतरी खटकतंय, गोड झालीये जरा, रंगाच्या कंपनीच्या जाहिरातीत असते तशी. चुलीत भगवा जाळ घातला तर आणखीनच जाहिरात. शेवटी फोटो मामीला पाठवला. मामी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचं उत्तर येईल तेव्हा कळवते, ती व्हॉट्सअ‍ॅप दोन दिवसांनी बघते.

पेन्सिलटोक | गुरुवार, सकाळी ७.००

आता घाई करू नका. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा ते चित्र.

कसब्यातली | शुक्रवार, रात्री ९.१५

मामीचा फोनच आला. जसं बोलली तसं लिहिते:

"अगं भिंत अगदी तीच आहे, पण इतकी स्वच्छ कधी होती गं? चुलीच्या वर पार माळ्यापर्यंत धुराने काळं झालेलं असायचं. आप्पा तिथे तीन तीन हात मारायचे आणि लक्ष्मीपूजनाला परत जैसे थे. आणि त्या काळ्यावर तुझी आजी खडूने दुधाचा हिशोब लिहायची, विसरलीस? पूर्ण रेघ म्हणजे लिटर, अर्धी रेघ म्हणजे अर्धा. भय्या यायचा महिनाअखेरीला तेव्हा दोघं त्या भिंतीसमोर उभे राहून भांडायचे. आणि ओलं फडकं मारलं की त्यातलं थोडं निळं परत दिसायचं."

मी विसरले होते!! पूर्ण विसरले होते. बावीस वर्षांत मी ती भिंत डोक्यात धुऊन पुसून लख्ख करून टाकली होती.

रात्रीच बसले. बर्न्ट अंबर पातळ करून, त्यात कणभर काळा, चुलीपासून वर फडक्यानेच घासत नेला, मध्ये मध्ये निळा राहू दिला. तो तपकिरी काळा शेजारी आल्याबरोबर निळा एकदम असा श्वास घेतल्यासारखा मोकळा झाला. सर, तुमचा शेजारी! मी नवीन निळा एक थेंबही लावला नाही. मग पांढऱ्याने रेघा ओढल्या, पाच पाचच्या गटात. आजी अजून पाठमोरीच आहे पण आता ती हिशोब बघतेय असं वाटतं.

तालीम_संपली | शुक्रवार, रात्री ९.४०

काजळी! म्हणजे लोक ज्याला सगळ्यात उदास म्हणतील तो काळा, आणि तोच घातल्यावर चित्र हसलं. क्लासच्या सरांना दाखवा.

थेट_बोलते | शुक्रवार, रात्री ९.५५

फोटो टाका ना इथे, किती वेळ ताणणार. आणि आईंनी बघितलं का तुमच्या?

कसब्यातली | रविवार, दुपारी १२.३०

फोटो टाकते संध्याकाळी, नीट उजेडात काढून. आईला आज दाखवलं. मला वाटलं डोळ्यात पाणी वगैरे येईल, मी रुमालसुद्धा तयार ठेवला होता. तिने चष्मा लावला, जवळ गेली, बोट ठेवून रेघा मोजल्या आणि म्हणाली, "आठ माणसांचं घर होतं आपलं, एवढ्या दुधात भागायचं का गं?"

अडाणी_रसिक | रविवार, दुपारी १२.३४

वाढवा मग.

कसब्यातली | रविवार, दुपारी १२.५०

वाढवल्या. अजून सात.